गायिकेचा आवाज वाद्यांखाली दबतो, तेव्हा

प्रश्न : आमच्या बँडमध्ये दोन गिटार, बेस, ड्रम आणि तीन गाणारे आहेत. कार्यक्रमात मुख्य गायिकेचे शब्द कळत नाहीत, अशी श्रोत्यांची तक्रार असते. पण मिक्सरवर तिचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) वर नेला की लगेच स्पीकरमधून शिट्टी (फीडबॅक) वाजते. अधिक ताकदीचे स्पीकर घ्यावेत का?

उत्तर : स्पीकरवर खर्च करू नका. शब्द स्पष्ट करणारी व्यंजने मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात आणि गिटार व झांजांचा कडकपणाही तिथेच असल्यामुळे, गायिका कितीही सुरेल असली तरी तिचे शब्द त्या गर्दीत हरवतात. म्हणून साउंडचेकमध्ये आधी तिचा आवाज शिट्टी न येता जितका वाढवता येईल तितका वाढवून, त्याहून थोडा खाली ठेवा, आणि मग त्याच्या मापाने एकेक वाद्य आत आणा. गिटारमधून हाच २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा ३ डेसिबलने कमी केला, तर बहुधा फेडरला हात न लावताच शब्द पुढे येतात. तिच्या चॅनलवर साधारण १०० हर्ट्झखालचा भाग फिल्टरने काढून टाका.

खरे काम मात्र मंचावर आहे. गिटारचे अँप (तिचा आवाज वाढवणारा संच) इतक्या मोठ्याने वाजत असेल की त्याचा आवाज तिच्या माइकमध्ये शिरतो, तर मिक्सरवर बसलेला माणूस फारसे काही करू शकत नाही. हे वादकांना पटवणे अवघड असते, पण ते टाळू नये. माइक ओठांच्या अगदी जवळ असावा, कारण अंतर निम्मे केल्यास सुमारे ६ डेसिबल वाढ फुकट मिळते. जाळी मुठीत धरू नये; त्याने माइकची दिशा बिघडते आणि शिट्टी लवकर येते. माइक कार्डिऑइड (थेट मागून येणारा आवाज सर्वांत कमी घेणारा) असेल तर मॉनिटर, म्हणजे गायिकेला तिचा आवाज ऐकवणारा मंचावरचा स्पीकर, त्याच्या बरोबर मागे, सुपरकार्डिऑइड (मागच्या दोन बाजूंनी सर्वांत कमी घेणारा) असेल तर मागेच पण किंचित बाजूला ठेवावा.

मोठे स्वर आपोआप दाबणारा कंप्रेसर ३:१ या प्रमाणावर पुरे. त्याने मोठे स्वर ३ ते ६ डेसिबल दबले की थांबावे, कारण पुढे दबलेल्या आवाजाच्या भरपाईसाठी गेन (आवाजाची पातळी) वाढवताना शिट्टीचा धोकाही वाढतो.

सहगायकांचे आवाज मुख्य आवाजाच्या जरा खाली ठेवा, आणि ते गात नसतील तेव्हा त्यांचे माइक बंद करा : उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची मोकळीक ३ डेसिबलने घटते.