टोपलीत जादा शेपट्या ठेव

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन-चार वर्षांची बावीस मुलं, एक खोली, कुठलाही खेळ घेतला की पाच मिनिटांत त्याचा बोऱ्या वाजतो, आणि शेवटी 'मला बहुतेक जमणार नाही.' ते शेवटचं वाक्य मी वाचलंच नाही असं समज. 'चांगल्या खेळांची यादी पाठवा' हेही. माझ्याकडे तीन वह्या भरून याद्या होत्या, तरी माझा खेळ मोडायचाच.

मी अडकले ते तू मधेच सहज लिहून गेलीस त्या ओळीपाशी: 'बाद झालेली मुलं भिंतीशी बसून एकमेकांना ढकलतात, त्यांना सांभाळू की खेळ घेऊ?' अगं, पण त्यांना बाद केलं कोणी?

कुणालाही बाद करू नकोस. मला सांगायचं आहे ते एवढंच. पुढचं सगळं याचीच उजळणी आहे, कंटाळलीस तरी वाच.

संगीतखुर्चीचा हिशेब मांडून बघ. बावीस मुलं, एकवीस फेऱ्या. फेरी अर्ध्या मिनिटाची धरली तर साडेदहा मिनिटं. पहिलं बाद झालेलं मूल त्यात अर्धा मिनिट पळालं आणि दहा मिनिटं बसलं. आणि पहिलं बाद कोण होतं? ज्याचे पाय अजून अडखळतात, संगीत थांबल्याचं ज्याला उशिरा उमगतं, तेच. पळायची सगळ्यात जास्त गरज ज्याला, त्यालाच आपण सगळ्यात आधी बसवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली, त्यातली ६० तरी चांगली दमवणारी. तुकड्यातुकड्यांनी झाली तरी चालते. पण आपल्याकडचा तुकडा आपणच गिळला तर?

मी गिळलाय. साडेतीन वर्षांचा एक मुलगा होता माझ्या वर्गात, रोज पहिला बाद. रडायचा नाही, भांडायचा नाही. मी त्याच्या नोंदीत 'शांत, समजूतदार' असं लिहिलं, वर पालकांना कौतुकानं सांगितलंही. एक दिवस मी खुर्च्या मांडत होते, अजून संगीतही लावलं नव्हतं, आणि तो आपणहून उठून भिंतीशी जाऊन बसला. मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून. त्या दिवशीही मी खेळ थांबवला नाही, हे तुला सांगायला हवं. वर्षभर थांबवला नाही. पुढच्या वर्षी तो माझ्याकडे नव्हता.

असो. खेळाकडे येऊ.

खंजिरी वाजली की चालायचं, थांबली की पुतळा. याच्याइतका सोपा आणि याच्याइतका कामाचा खेळ नाही. मोठ्यांना वाटतं, यात चालणं हा खेळ आहे. खेळ थांबण्यात आहे. तीन वर्षांच्या मुलाला पाय सुरू करता येतात, ब्रेक मात्र लागता लागत नाही. स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग फार सावकाश तयार होतो. खंजिरी थांबल्यावरही जो दोन पावलं पुढे गेला, तो लबाडी करत नाहीये, तो शिकतोय. त्याला बाहेर काढलंस तर शिकणार कधी? हललेल्यांनी हातपाय झटकायचे आणि पुन्हा आत. पुढची फेरी हत्तीसारखी, त्यापुढची मुंगीसारखी. एका वेळी एकच सूचना, तीही करून दाखव. तू उभी राहून लांबलचक नियम सांगतेस, हे मला न बघताही कळतं. मीही तेच करायचे.

खडूने जमिनीवर रेघ ओढ आणि तिच्यावरून चालायला लाव. मॉन्टेसरीबाईंनी मुलांसाठी लंबगोल रेघ काढली ती उगाच नाही. पाय घसरला तर पुन्हा रेघेवर. जमायला लागलं की हातात अर्धा भरलेला पेला दे. लंगडीची घाई नको, ती साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास जमते; तोवर भिंतीला हात टेकून एका पायावर उभं राहणं पुरे. झेलायला चेंडूऐवजी पातळ ओढणी उडव, ती सावकाश खाली येते आणि हात पोहोचायला वेळ मिळतो. फुगेही सावकाश येतात, पण फुटलेला तुकडा तोंडात गेला की जिवावर बेततं. मी फुगे वापरत नाही.

पकडापकडीत संथ मुलावर राज्य आलं की ते त्याच्यावरच राहतं. म्हणून शेपट्या. जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडायच्या, प्रत्येकाच्या कमरेला मागे एकेक खोचायची, आणि सगळ्यांनी सगळ्यांच्या ओढायच्या. पहिल्यांदा घेतला तेव्हा मी मोजून मुलांइतक्याच पट्ट्या केल्या होत्या. शेपटी गेली की मूल भिंतीशी! खेळ बदलला, पण माझी सवय सुटली नव्हती. मग कोपऱ्यात टोपली ठेवली: शेपटी गेली, नवी घे, पुन्हा ये. टोपलीकडे धावत जाणं हाच काहींचा आवडता भाग झाला. एक मुलगी तर स्वतःची शेपटी स्वतःच उपटून टोपलीकडे पळायची.

तुझ्या वरिष्ठ बाई म्हणतील, मुलांना हरायला शिकवायला नको का? मलाही म्हणाल्या होत्या. त्यावर मी स्नेहसंमेलनातल्या शर्यती घ्यायला नकार दिला, वाद झाला, पुढची चार वर्षं मला मैदानाचं काम मिळालं नाही. हट्टी म्हणून नाव पडलं ते पडलंच. माझा आवाज चढला होता, हे कबूल. पण मुद्दा चुकीचा नव्हता, आजही नाही. हरायला शिकायचं तर आधी खेळात असावं लागतं. सात वर्षांच्या मुलांत स्पर्धा घे, मी बघायला येईन. तीन वर्षांच्याला घरी हव्या त्या रंगाचा पेला मिळाला नाही तरी हरणं भेटतंच, त्यासाठी तू खुर्च्या मांडायची गरज नाही.

पुन्हा आवाज चढला बघ.

सोमवारी शेपट्या घे. पट्टी तुझ्या कोपरापासून मनगटापर्यंत, त्याहून लांब नको, पायात येते. गाठ मारायची नाही, नुसती खोचायची. बावीस मुलांना चाळीस पट्ट्या कर. आणि एक स्वतःच्या कमरेला लाव, मग त्यांना आवरायची फारशी वेळ येणार नाही, सगळी तुझ्याच मागे असतील.