सिंफनी ऑर्केस्ट्राच्या हंगामाची सूत्रं कशी ठरतात? ख्याल ऐकणाऱ्या नाशिककराने पहिल्यांदा कोणती मैफल निवडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही नाशिकचे, कान ख्याल आणि नाट्यसंगीतावर तयार झालेला. मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्राचा पुढचा हंगाम येतोय. वेगवेगळ्या ऑर्केस्ट्रांची पत्रकं चाळताना 'नियती', 'निसर्ग', 'मायभूमी' अशी सूत्रं दिसली. ती कशी ठरतात, त्यांना खरंच काही अर्थ असतो का, आणि एकच संध्याकाळ काढायची तर कोणती काढावी?

आधी सरळ उत्तर देतो. सूत्राच्या नावावरून तिकीट काढू नका. मध्यंतराआधी काय वाजणार आहे आणि नंतर काय, ते बघा. हंगाम आखणाऱ्याचा खरा विचार त्या शेजारात कळतो. आणि यादीत द्वोरझाक या चेक संगीतकाराची नववी सिंफनी (सिंफनी म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची, अनेक भागांची मोठी रचना) असेल, तर डोळे मिटून ती संध्याकाळ घ्या.

आता सविस्तर. आपल्याकडे मैफलीला वेगळं सूत्र लागत नाही, कारण ते काम घड्याळ करतं. पिंपळपारावर पाडवा पहाट ऐकायला बसलेला माणूस गायकाकडून यमनाची अपेक्षा ठेवत नाही. दिवेलागणीला मारवा-पूरिया, रात्र चढली की बागेश्री-मालकंस, आणि भैरवी झाली की मैफल संपली. पाश्चात्त्य संगीतात वेळेचं असं बंधन नाही. बीथोवनची पाचवी सिंफनी सकाळी वाजली काय, रात्री वाजली काय. मग तीनशे वर्षांच्या भांडारातून या संध्याकाळी हेच का, याला काहीतरी कारण लागतं. सूत्राची गरज तिथून सुरू होते.

अर्थात नुसत्या कल्पनेवर हंगाम उभा राहत नाही. चांगल्या एकलवादकांच्या तारखा दोन-दोन, तीन-तीन वर्षं आधी घ्याव्या लागतात. तालमी मोजक्याच मिळतात. एखाद्या कृतीला आठ हॉर्न लागत असतील, तर ती एकदाच वाजवून भागत नाही, त्याच आठवड्यात तेवढाच ताफा लागणारी आणखी एखादी कृती शोधली जाते. शिवाय जयंत्या-पुण्यतिथ्या असतात. मार्च 2027 मध्ये बीथोवनच्या निधनाला 200 वर्षं होतील, त्यामुळे त्याच्या मागेपुढे जगभरच्या कार्यक्रमांत बीथोवन जास्त दिसला तर नवल वाटायला नको.

मुंबईचं म्हणाल, तर सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 मध्ये सुरू झाला. एनसीपीए या नरिमन पॉइंटवरच्या कलाकेंद्राचे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव यांनी तो उभा केला. काही वादक इथेच राहून वाजवतात आणि शिकवतात, बाकीचे हंगामापुरते परदेशातून येतात. म्हणूनच मोठ्या मैफली वर्षभर पसरलेल्या नसतात, साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास काही आठवड्यांत एकवटलेल्या असतात. 'ती जागा आपली नाही' असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं, म्हणून सांगतो : त्याच एनसीपीएचे मानद संचालक एके काळी पु. ल. देशपांडे होते.

आता 'नियती' घ्या. हे नाव पाहिलं की बीथोवनची पाचवी आहे हे समजावं. तीन आखूड आणि एक लांब, अशा चार स्वरांनी ती सुरू होते. 'नियती दार ठोठावते' ही त्या चार स्वरांची गोष्ट बीथोवनचा सहायक शिंडलर याने पसरवली, आणि शिंडलरच्या सांगण्यावर अभ्यासक फारसा विश्वास ठेवत नाहीत. ती विसरून ऐका. चारच स्वरांचा तुकडा घेऊन हा माणूस पहिला भाग जवळजवळ सगळा उभा करतो. एखादा कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) घेऊन त्याचे पलटे मांडणारा तबलजी तुम्ही ऐकला असेल, तर इथे कान लगेच जागा होईल. पण माझं सगळ्यात लाडकं ठिकाण पुढे आहे, तिसऱ्या भागाकडून चौथ्याकडे जाताना. तिथे बाकी सगळं विझत जातं. तंतुवाद्यं एक सूर धरून बसतात आणि टिंपनी, म्हणजे नगाऱ्यासारखी तालवाद्यं, अगदी हळू, त्याच लयीच्या आठवणीने ठोके देत राहतात. व्हायोलिन अंदाज घेत वर सरकू लागतात. हे बराच वेळ चालतं, आणि मग एकदम सगळा वाद्यवृंद शुद्ध गंधाराच्या उजेडात येतो. त्या क्षणापर्यंत गप्प बसलेले ट्रॉम्बोन तिथे पहिल्यांदा वाजतात. कोमल गंधाराकडून शुद्ध गंधाराकडे जाणं म्हणजे काय, हे ख्याल ऐकणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

याच सूत्राखाली चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराची चौथी सिंफनीही बहुतेक वेळा असते. सुरुवातीची हॉर्न आणि बसूनची ललकारी म्हणजे नियती, असं त्याने स्वतःच नादेज्दा फॉन मेक या आपल्या आश्रयदात्या बाईंना पत्रातून कळवलं होतं. बीथोवन अंधारातून निघतो, शेवटच्या भागात मध्येच एकदा मागे वळून बघतो, पण पुन्हा उजेडातच येतो. चायकोव्हस्कीच्या शेवटच्या भागात मात्र ऐन जल्लोषात ती ललकारी पुन्हा येऊन कोसळते. दोन्ही कृती एकाच हंगामात पाठोपाठच्या आठवड्यांत ठेवल्या असतील, तर आखणाऱ्याला काही म्हणायचं आहे. एकीच्या जोडीला नुसतंच काहीतरी लोकप्रिय लावलं असेल, तर सूत्र नावापुरतंच आहे. संगीत तरीही चांगलंच असणार, फक्त सूत्राच्या भरवशावर जाऊ नका.

'निसर्ग' या नावाखाली बीथोवनची सहावी येते. पाचवी आणि सहावी एकाच रात्री लोकांसमोर आल्या : 22 डिसेंबर 1808, व्हिएन्ना, गारठलेलं सभागृह आणि सुमारे चार तासांचा कार्यक्रम. सहावीच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी फ्लूटवर नाइटिंगेल, ओबोवर लावा आणि क्लॅरिनेटवर कोकीळ येतात, चौथ्या भागात वादळ. सगळे ह्याच जागा दाखवतात. मी म्हणेन, पहिल्या भागाचा मधला पट्टा ऐका. एक छोटासा तुकडा तो पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. तुकडा तोच, पण खालचा सुरांचा मेळ मध्येच बदलतो आणि सगळ्याचा रंग पालटतो. द्रुत सिनेमासंगीतावर वाढलेल्या माणसाला हे कंटाळवाणं वाटेल. विलंबित ऐकण्याची सवय असलेल्याला नाही वाटणार.

माझं मन मात्र 'मायभूमी'त जास्त रमतं, आणि त्याला कारण आपली गोदावरी आहे. स्मेताना या चेक संगीतकाराने आपल्या देशावर सहा कृतींची एक माळ रचली. त्यातली दुसरी व्लतावा नदीवर आहे, साधारण बारा-तेरा मिनिटांची. सुरुवात फक्त फ्लूटने होते, एक झरा. मग क्लॅरिनेट मिसळतो, दुसरा झरा. व्हायोलिनच्या बोटांनी छेडलेल्या तारा आणि हार्प, हे पाण्याचे थेंब. मग दोन्ही झरे एक होतात आणि व्हायोलिनवर नदीची धून येते. वाटेत शिकाऱ्यांची शिंगं ऐकू येतात, काठावरच्या खेड्यात लग्नाचा नाच चाललेला असतो, रात्र होते, चंद्रप्रकाश पडतो, खडकांवर पाणी आदळतं आणि शेवटी नदी प्राग शहरात भरदार होऊन शिरते. ब्रह्मगिरीवर बोटभर धार पाहून मग रामकुंडावर, आणि पुढे गंगापूर धरणाचं पाणी सुटल्यावर दुतोंड्या मारुती बुडवणारी गोदावरी ज्याने पाहिली आहे, त्याला हा आराखडा आतून कळतो. स्मेतानाने हे लिहिलं 1874 च्या अखेरीस, आणि त्याच वर्षी त्याची श्रवणशक्ती पूर्ण गेली होती. ही सुरांतली नदी त्याने कानांनी कधीच ऐकली नाही.

आता शेजार बघा. स्मेताना प्रागच्या नाट्यगृहात संगीत-संचालन करायचा, तेव्हा समोर वाद्यवृंदात एक तरुण व्हिओला वाजवत असे. तो द्वोरझाक. पुढे हाच द्वोरझाक 1892 मध्ये न्यूयॉर्कला संगीतशाळेचा प्रमुख म्हणून गेला आणि तिथे त्याने नववी सिंफनी लिहिली, 'नव्या जगातून' या नावाची. 16 डिसेंबर 1893 ला ती कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. ज्या मैफलीत मध्यंतराआधी 'व्लतावा' आणि मध्यंतरानंतर ही नववी असेल, तिथे सूत्राचं नाव छापलेलं नसलं तरी चालेल. एकजण घरी राहून देश आठवतोय, दुसरा समुद्रापलीकडून.

या नववीचा दुसरा भाग मी तुम्हाला नीट सांगतो, कारण तो तुमच्यासाठीच आहे असं मला वाटतं. पितळी वाद्यांचे काही संथ, गंभीर मेळ होतात आणि मग कोर आंग्ले नावाचं, ओबोच्या घराण्यातलं पण खालच्या सुरांचं वाद्य एकट्याने धून धरतं. तिचे स्वर म्हणून बघा : ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. सरळ भूप. पहिल्या दोन ओळी मध्यम नाही, निषाद नाही. तुम्ही भूपात स्थिरावता आणि धून वर जाते : ध सां सां, नि प ध. तो शुद्ध निषाद भूप ऐकलेल्या माणसाच्या अंगावर येतो. भूपाची शिस्त नसलेल्याला तो स्वर आला हे जाणवणारही नाही. म्हणजे इथे आपली तयारी आड येत नाही, उलट एक जागा जास्त दाखवते. भागाच्या शेवटाकडे हीच धून मोजक्या तंतुवादकांकडे येते आणि मध्ये मध्ये थांबते, जणू पुढचा शब्द सुचत नाही. अगदी शेवटचा मेळ फक्त डबल बेसवर, इतका हळू की रेकॉर्डिंगमध्ये तो बहुतेक वेळा हरवतो.

आणि म्हणूनच जायचं. आपल्याकडे कालिदास कलामंदिरात काय किंवा मैदानावर काय, आवाज माइकमधून येतो. नाशिक ढोल छातीत घुमतो ते वेगळं, तो मोकळ्यावरचा आवाज आहे. पण नव्वदेक माणसं माइकशिवाय एकाच वेळी हळू वाजवतात तेव्हा काय होतं, हे नाशिकमध्ये बसून कळायला मार्ग नाही. एनसीपीएच्या जमशेद भाभा नाट्यगृहात 1,109 आसनं आहेत, आणि तिथे त्या डबल बेसचा शेवटचा मेळ मागच्या रांगेतही पोहोचतो.

तयारी एवढीच करा : निवडलेली मुख्य सिंफनी आधीचे पंधरा दिवस घरी ऐका. काही वाचलं नाही तरी चालेल. बंदिश ओळखीची असली की विस्तार कळतो, इथेही तसंच आहे. तीच सिंफनी दोन वेगळ्या कंडक्टरांची ऐकलीत तर आणखी चांगलं. सगळे स्वर लिहिलेले असूनही लय, वजन आणि ठहराव किती बदलतात हे लक्षात येईल. कागदावरचं संगीत म्हणजे ठोकळेबाज, असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी आठवण करून देतो, की ज्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत रामनाम आधाराश्रम उभारला, त्यांनी स्वतः स्वरलिपी घडवली आणि शिष्यांना ती वाचायला शिकवली.

यादीत एखादी भारतीय रचना असेल तर तीही सोडू नका. झाकीर हुसेन यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी 'पेशकार' हा तबल्याचा कॉन्सर्टो, म्हणजे एकलवादक आणि वाद्यवृंद यांची रचना, लिहिला, 2015 मध्ये तो मुंबईत पहिल्यांदा सादर झाला आणि नंतर ऑर्केस्ट्राबरोबर युरोपातही गेला. 2024 च्या डिसेंबरमध्ये ते गेले. मला मनापासून वाटतं, की इथल्या ऑर्केस्ट्राने हंगामाची सूत्रं युरोपाकडून उसनी घेण्यापेक्षा अशा रचनांभोवती बांधावीत. एका बाजूला 'पेशकार', दुसऱ्या बाजूला बीथोवनची सातवी, आणि सूत्र 'लय'. अशी संध्याकाळ कुणी आखली तर मी नाशिकहून पायी जाईन.

टाळ्यांबद्दल : सिंफनीचे सहसा चार भाग असतात आणि मधल्या थांब्यांवर हल्ली टाळ्या वाजवत नाहीत. कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा. 'क्या बात है' ओठांवर येईल, आवरा. ही पद्धत फार जुनी नाही. 1813 मध्ये बीथोवनची सातवी पहिल्यांदा वाजली तेव्हा लोकांनी तिचा दुसरा भाग तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला होता.

जाण्याचं गणित मात्र आधी करा. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने सीएसएमटी आणि तिथून नरिमन पॉइंट, हे सोपं आहे. परतीची पंचवटी संध्याकाळची मैफल सुरू होण्याआधीच निघते, आणि रात्रीच्या गाड्या नाशिकरोडला अपरात्री सोडतात. मुंबईत कुणाकडे मुक्काम होत असेल तर उत्तम, नाहीतर चारजण मिळून गाडी करा. जागा घेताना अगदी पुढच्या रांगा टाळा. तिथून फक्त व्हायोलिनवाले दिसतात आणि मागची फुंकवाद्यं दिसतच नाहीत. थोडं वर, मधोमध बसा, म्हणजे कोर आंग्ले वाजवणारा वादक धून सुरू करण्याआधी श्वास घेतो तोही दिसेल.