नवे ब्रेक पॅड: बसवणं आणि सेट करणं

पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदला. आपल्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने कॅलिपरच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीच्या, पिना गंजून जाम होतात आणि पॅड तिरका झिजतो. म्हणून पिना काढून स्वच्छ पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. पॅडवर किंवा डिस्कवर मात्र ग्रीसचा ठिपकाही नको. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही!

मग पॅड सेट होण्यासाठी मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ६० वरून १५ किलोमीटरपर्यंत, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा वेग उतरवा. पूर्ण थांबू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरला की तिथेच पॅडचा थर चिकटतो, पुढे पेडल थरथरतं. नंतर शक्यतो ब्रेक न लावता दहा मिनिटं चालवा, डिस्क निवू द्या. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा. हे सगळं होईपर्यंत आंबा घाट उतरायचा नाही.