मुंबईत नाणी व टपाल तिकिटांचे एकदिवसीय प्रदर्शन भरवायचे असल्यास शनिवार निवडावा की रविवार?

एकच दिवस हाती असेल, तर रविवार निवडावा. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला असला आणि बँकाही सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद राहत असल्या, तरी असंख्य खाजगी कार्यालये, कारखाने आणि दुकाने शनिवारी चालू असतात. शिवाय अनेक शाळा त्या दिवशी सकाळी भरतात, त्यामुळे मुलांना घेऊन येणारे पालक दुपारनंतरच येऊ शकतात. छंदाची पुढची पिढी याच मुलांतून घडते, म्हणून हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अडचण एकच, पण मोठी आहे: उपनगरी रेल्वेचा मेगाब्लॉक बहुधा रविवारीच असतो, आणि तो साधारणपणे सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारपर्यंत, म्हणजे नेमका गर्दीच्या वेळी चालतो. वेळापत्रक एकदोन दिवस आधीच जाहीर होत असल्याने तारीख त्यावरून ठरवता येत नाही. मात्र दोन मार्गांवरून पोहोचता येईल असे, उदाहरणार्थ दादरजवळचे, सभागृह घेतल्यास आणि प्रदर्शन सायंकाळी सातपर्यंत उघडे ठेवल्यास बराचसा फटका टळतो. पुणे किंवा नाशिकहून बरेच विक्रेते येणार असतील, तर मात्र शनिवारचा विचार अवश्य करावा, कारण जड अल्बम आवरून रात्री परतल्यावर त्यांना एक दिवस विश्रांती मिळते.