निर्बंध असूनही रशियाचं तेल पोचतं कसं?

प्रश्न : रशियावर २०२२ पासून इतके निर्बंध आले, तरी त्याचं तेल विकलं जातंच आहे. जागतिकीकरणाने निर्बंध बोथट केले का?

उत्तर : सरसकट नाही. ज्या मालाला गिऱ्हाइकं भरपूर, तिथे निर्बंध गळतात. जिथे साऱ्या जगाला एकाच दारातून जावं लागतं, तिथे ते आवळतात. तेलाच्या बाबतीत दोन्ही घडलं.

जी-७ देशांनी ५ डिसेंबर २०२२ पासून रशियन कच्च्या तेलाला पिंपामागे ६० डॉलरची मर्यादा घातली. विक्री बंद केली नाही, कारण एवढं तेल बाजारातून गेलं असतं तर भाव सगळ्यांनाच भोवला असता. अट अशी होती, की भाव ६०च्या वर असेल तर पाश्चात्त्य जहाज, विमा, दलाली मिळणार नाही. यातलं खरं दार विम्याचं. तेलगळती किंवा टक्कर झाली तर भरपाई देणारे जहाजमालकांचे बारा विमा-क्लब जगातल्या सुमारे ९० टक्के जहाज-टनेजला संरक्षण देतात.

गळती सुरू झाली ती कागदावर. मर्यादा बंदरात जहाजावर चढवलेल्या तेलाच्या भावाला लागते, भाडं त्यात धरत नाहीत. मग समजा तेल ५९ला दाखवायचं आणि भाडं फुगवून वरचे दहा डॉलर काढायचे. दुसरी वाट जुन्या टँकरांची : ध्वज बदलायचा, जहाज कुठे आहे ते सांगणारा ट्रान्सपाँडर बंद ठेवायचा, ग्रीसजवळ लॅकोनियाच्या आखातात एका जहाजातून दुसऱ्यात तेल ओतायचं. या जहाजांचा विमा कितपत खरा, हे किनाऱ्यावरच्या लोकांना गळती झाल्यावरच कळेल. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत धोक्याची वाटते.

जुलै २०२३ मध्ये युरल्स हे रशियाचं मुख्य तेल ६०च्या वर गेलंच. तरी त्या वर्षाच्या सुरुवातीला ते ब्रेंटपेक्षा, म्हणजे जागतिक भाव ज्यावरून ठरतो त्या तेलापेक्षा, सुमारे ३० डॉलरने स्वस्त विकावं लागलं होतं, हा रशियाला बसलेला खरा फटका. त्या सवलतीचा फायदा भारतीय रिफायनऱ्यांनी घेतला. इथे शुद्ध झालेलं डिझेल युरोपात भारतीय माल म्हणून जायचं. युरोपीय संघाने ती वाट २१ जानेवारी २०२६ पासून बंद करायचं जुलै २०२५ मध्ये ठरवलं.

प्रश्न : आमच्या चाकणच्या कारखान्याला किरगिझस्तानातल्या बिश्केकहून बॉल बेअरिंगची ऑर्डर आहे. भारताने निर्बंध घातलेले नाहीत, मग बँक इतके कागद का मागते?

उत्तर : बँकेला शंका ही, की माल तिथून पुढे रशियात जाईल. भारत फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतो, पण तुमच्या बँकेचं डॉलरचं खातं न्यूयॉर्कच्या बँकेत असतं. २२ डिसेंबर २०२३च्या अमेरिकी आदेशानंतर रशियाच्या लष्करी उद्योगाला मदत करणाऱ्या परदेशी बँकेचं ते खातं बंद होऊ शकतं. पैसे रुपयांत घेतले तरी बँकेची भीती जात नाही, कारण तिचे बाकीचे सगळे ग्राहक त्याच खात्यावर अवलंबून आहेत.

बॉल बेअरिंग (आयात-निर्यातीचा एचएस कोड ८४८२.१०) अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांच्या, लढाईसाठी कळीच्या मालाच्या यादीत आहेत. आधी कोड तपासा. खरेदीदार कंपनीचे मालक पाहा : निर्बंधित व्यक्तींची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असेल तर अमेरिकी नियमाने ती कंपनीही निर्बंधित. माल कुठल्या यंत्रात बसणार हे लेखी घ्या. कंपनी २०२२ नंतर निघालेली, ऑर्डर तिथल्या गरजेपेक्षा मोठी, पैसे तिसऱ्याच देशातून, यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर ऑर्डर सोडा.

प्रश्न : निर्बंध घालणाऱ्यालाच त्रास झाल्याचं उदाहरण?

उत्तर : ६ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेने रुसाल या रशियन ॲल्युमिनियम कंपनीवर बंदी घातली. दोन आठवड्यांत लंडनच्या बाजारात धातू सुमारे ३० टक्क्यांनी महागला. आयर्लंडमधली ऑगिनिश ॲल्युमिना रिफायनरी रुसालचीच, त्यामुळे युरोपच्या भट्ट्यांचा कच्चा माल अडण्याची वेळ आली. अमेरिकेने रुसालशी व्यवहार थांबवायच्या मुदती वाढवत नेल्या. अखेर रुसालमागचे निर्बंधित उद्योगपती ओलेग देरिपास्का यांनी तिच्या मूळ कंपनीतला हिस्सा निम्म्याखाली आणल्यावर जानेवारी २०१९ मध्ये बंदी उठली.