व्हॅनमध्ये राहणं गुन्हा नाही, पण लपून राहणं महागात पडतं

प्रश्न : माझं काम लॅपटॉपवरचं आहे. वर्षभरापूर्वी भाड्याचं घर सोडलं आणि तेव्हापासून स्वतःच्या नावावरच्या जुन्या व्हॅनमध्ये राहतो. मागच्या सीट काढून तिथे पलंग आणि कपाट पक्कं बसवलंय. कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून काचांना काळी फिल्म लावली. गाडी रात्री उशिरा लावायची आणि आत दिवा लावायचा नाही, असा क्रम ठेवला होता. मागच्या महिन्यात गस्तीवरच्या पोलिसांनी दार वाजवलं. आत कुणी नाही असं भासवून मी गप्प बसलो. सकाळी पाहतो तर चाकाला जॅमर. आता जुन्या घरमालकाचा फोन आला, की त्यांच्या पत्त्यावर माझ्या नावाची नोटीस आली आहे : अस्तित्व लपवून वावरत असल्याबद्दल चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र का घेऊ नये? व्हॅनमध्ये राहणं गुन्हा आहे का? आणि यापुढे गाडीवर ‘शासकीय कामावर’ असा बोर्ड लावला तर चालेल का?

उत्तर : बोर्डाचं आधी सांगतो, कारण तो तुम्ही अजून लावलेला नाही. लावू नका. लोकसेवक वापरतात तसं चिन्ह बाळगून आपण त्यांच्यातले आहोत असा समज करून देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गाडीवरचा बोर्ड हे ‘चिन्ह’ ठरतं का, यावर वाद घालता येईल, पण तो तुम्हाला आरोपी म्हणून घालावा लागेल.

आता मूळ प्रश्न. गाडीत झोपण्यावर किंवा राहण्यावर सरसकट बंदी घालणारं कलम ना मोटार वाहन कायद्यात आहे, ना न्याय संहितेत. त्याच वेळी सार्वजनिक रस्ता कायमच्या मुक्कामासाठी वापरण्याचा हक्कही तुम्हाला नाही. मुंबईतल्या पदपथावर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण सार्वजनिक जागा खासगी कारणासाठी अडवून ठेवण्याचा हक्क मान्य केला नाही. तुमची व्हॅन या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात उभी आहे.

तुमची नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२८ खालची दिसते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १०९ होतं. कोर्टाच्या आवारात याला चॅप्टर केस म्हणतात. ही शिक्षा नव्हे, प्रतिबंधक कारवाई आहे. कार्यकारी दंडाधिकारी जास्तीत जास्त एक वर्षाचं बंधपत्र मागू शकतात. पण आदेश झाल्यावर ते दिलं नाही तर तुरुंगात जावं लागतं, म्हणून ती हलक्यात घेऊ नका.

या कलमाला दोन गोष्टी लागतात. माणूस आपलं अस्तित्व लपवण्याची खबरदारी घेत असला पाहिजे, आणि दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा करण्याच्या हेतूनेच तो तसं करतोय असं मानायला कारण असलं पाहिजे. पहिली गोष्ट तुम्ही स्वतःच्या हाताने पुरवलीत. काळ्या काचा, अंधार, दार वाजलं तरी न दिलेला प्रतिसाद, सगळं त्यात बसतं. दुसरीसाठी मात्र, तुम्ही सांगता त्यावरून, पोलिसांकडे काही नाही. तुमचा सगळा बचाव या दुसऱ्या अर्ध्यावर उभा करायचा.

नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १३० प्रमाणे आदेशात मिळालेल्या माहितीचा सारांश लेखी द्यावा लागतो. नोटिशीत तो नसेल किंवा ‘संशयास्पद हालचाली’ एवढेच दोन शब्द असतील, तर पहिल्याच तारखेला लेखी हरकत घ्या. उत्तरासोबत आरसी, विमा, पीयूसी, नोकरीचं पत्र, पगार जमा होत असल्याचं बँकेचं विवरण आणि असतील तर पार्किंगच्या पावत्या जोडा. मी व्हॅनमध्ये राहतो, हे त्यात सरळ लिहा. लाजण्यासारखं त्यात काही नाही, आणि उघड कबुली दिली की ‘लपवतो’ हा मुद्दाच पातळ होतो. बाहेर बाकावर कुणीतरी म्हणेल, ‘देऊन टाका एक बाँड, मोकळे व्हाल.’ माझ्या मते घाईने देऊ नका. पुढचं वर्षभर प्रत्येक दार वाजण्याला त्या बंधपत्राचा संदर्भ राहील. चौकशी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत संपली नाही, तर दंडाधिकाऱ्यांनी खास कारणं नोंदवून मुदत वाढवली नसल्यास कार्यवाही तिथेच संपते.

जॅमरचं कारणही बहुधा तुमच्या गप्प बसण्यातच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेली किंवा मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी उचलता येते, जॅमरही लावता येतो. आत माणूस असेल तर गाडी बेवारस नाही, असं म्हणता येतं. पण आत कुणी नाही हे पटवायला तुम्हीच धडपडलात! डॅशबोर्डवर नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेला कागद ठेवा. दहा तासांच्या आत जागा बदला, रोज त्याच गल्लीत येऊ नका, आणि जमेल तेव्हा पावती मिळणाऱ्या वाहनतळावर रात्र काढा. कुणाच्या नजरेत न खुपणं यात गैर काही नाही. इंजिन चालू न ठेवणं, सांडपाणी रस्त्यावर न सोडणं, बाहेर खुर्ची न मांडणं, हे जरूर करा.

दार वाजलं की मात्र दिवा लावा, काच खाली करा, नाव सांगा. कागदपत्रं डिजिलॉकरमधली चालतात. तपासात वॉरंटशिवाय झडती घ्यायची झाली तर पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि चित्रीकरण करावं लागतं. अडवू नका, नम्रपणे तेवढी आठवण करून द्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला जास्त काळजी गाडीतल्या फेरफारांची वाटते. सीट काढल्यामुळे आसनसंख्या आरसीशी जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे बेकायदा फेरफाराला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करेल. आरटीओत जाऊन रीतसर मंजुरी मिळते का ते पाहा, नाहीतर सीट परत बसवा आणि घडी होणारा, न ठोकलेला बिछाना वापरा. सामान म्हणून ठेवलेली वस्तू आणि गाडीला जोडलेली वस्तू यांत फरक आहे, असं निदान म्हणता येईल.

काळी फिल्म आजच काढा. सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका प्रकरणात २०१२ मध्ये काचांवर फिल्म चिकटवायला मनाई केली होती. पुढे नियमांत बदल झाले, तरी पुढची-मागची काच किमान ७० टक्के आणि बाजूची ५० टक्के पारदर्शक हवी, आणि तुमची फिल्म त्यात बसणार नाही. गाडी उभी असताना, झोपण्यापुरता, काढता येणारा पडदा वापरा. चालवताना नको.

राहिला पत्ता. नोटीस तुमच्यापर्यंत पोचली ती घरमालक भला म्हणून. पत्ता बदलल्यावर तीस दिवसांत गाडीच्या नोंदणी अधिकाऱ्याला कळवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे बंधनकारक आहे, आणि तुम्हाला वर्ष झालंय. जिथे तुमची टपालं खरोखर घेतली जातील अशा नातेवाइकाचा पत्ता त्यांच्या संमतीने द्या. खोटा भाडेकरार करू नका. पत्ताबदलाचा हा अर्ज नोटिशीत दिलेल्या सुनावणीच्या तारखेआधी करा आणि त्याची पोच उत्तरासोबत जोडा.