जुने कागद, जुने हिशेब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजोळच्या ट्रंकेत मोडीतला जमिनीचा कागद निघाला. वाचून देणाऱ्यांनी सन ‘सीत सबैन मया व अलफ’ आणि क्षेत्र ‘दोन बिघे पाच पांड’ एवढंच लिहून दिलंय. साल कोणतं? आणि आजच्या सातबाऱ्यावर ही जमीन सापडेल का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : हा अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन आहे, एकंपासून मोजायचा. सीत सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार : ११७६. त्यात ५९९ मिळवले की १७७५. सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून कागद जानेवारी ते मृग यांतला असेल तर ६०० मिळवायचे. ताळा पानिपतावर करून पाहा : सन ११६१, लढाई जानेवारीतली, साल १७६१.

हाच आकडा हिजरी समजून कोष्टकात पाहिला तर साल बारा-तेरा वर्षं मागे जातं. दुसरी गफलत वाचनातली. मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात, त्यामुळे सबा (सात) आणि सबैन (सत्तर) यांत घोटाळा होतो. कागदावर शकही असेल तर तो १६९७, मन्मथनाम संवत्सर हवा. चैत्र-वैशाखातला असेल तर १६९८, दुर्मुखनाम. जुळलं नाही तर मूळ कागद पुन्हा वाचून घ्या.

क्षेत्राचं एकरात रूपांतर करायच्या भानगडीत मात्र पडू नका. वीस पांडांचा बिघा हे खरं, पण ज्या काठीनं मोजायचे तिची लांबीच सगळीकडे सारखी नसे. सर्व्हे नंबर तर इंग्रजी मोजणीनंतरचे. उदाहरणार्थ, इंदापूर तालुक्याची मोजणी १८३५ ची. तेव्हा आकडा सोडा आणि गाव, चतुःसीमा, शेताचं नाव धरा. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना आहे, पुष्कळदा रिकामा. भरलेला असला तर नशीब. तिथून फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) क्रमांकांच्या मागे मागे जात तहसीलच्या अभिलेख कक्षातून हस्तलिखित सातबारे आणि कडईपत्रक (जमिनीच्या जुन्या नोंदींचं पत्रक) काढा. गट नंबर पडले असतील तर जुन्या सर्व्हे नंबराशी सांधा भूमी अभिलेख कार्यालयातल्या जमीन एकत्रीकरणाच्या पत्रकात मिळतो. कागद इनामाचा असेल तर पुणे पुराभिलेखागारातही अर्ज करा, आणि १ ऑगस्ट १९५३ नंतरचे फेरफार नीट पाहा. त्या दिवशी व्यक्तिगत इनामं खालसा झाली. नुसत्या जुन्या सनदेवर आज ताबा मागता येत नाही.

प्रश्न : पणजोबांच्या खतावणीत ‘५॥।=’ अशा खुणा आहेत. बेरीज जमत नाही.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : उभी रेघ म्हणजे पावला, चार आणे, आडवी रेघ एक आणा. म्हणजे पाच रुपये चौदा आणे. तुम्ही कॅल्क्युलेटरवर ५.१४ घातले असणार, घालायचे ५.८७५. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. पेशवाईतल्या वहीत रुपयापुढे ‘चांदवडी’ किंवा ‘अंकुशी’ असेल तर आधी नाणं वेगळं काढा. त्यांच्यात बट्टा (भावातला फरक) पडे, सरळ बेरीज चालत नाही.

प्रश्न : असे कागद लॅमिनेट करावेत का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : नाही. सेलोटेपही नको. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागची बाजू कोरी वाटली तरी कागदाचे तुकडे जोडलेल्या सांध्यावरचा शिक्का तिथंच असतो. मग धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती फडक्यात बांधा. पेशवे दफ्तर रुमालांतच टिकलं.